आयबीएम मॉडेल एमचा कंट्रोलर जळालाय, यूएसबीसाठी नवा घरी बनवता येईल का?

नक्की येईल, आणि हा कीबोर्ड त्या मेहनतीच्या लायकीचा आहे. फक्त आधी जुना कंट्रोलर, म्हणजे दाबलेली बटणं ओळखून संगणकाला कळवणारा आतला सर्किट बोर्ड, खरंच गेलाय याची खात्री करा. तो जिवंत असेल तर पीएस/२ ते यूएसबी कन्व्हर्टर पुरतो, उगाच खोलू नका.

१०१ बटणांच्या मॉडेल एममध्ये आत मेम्ब्रेन (तारा छापलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) असतं आणि त्यातून दोन चपट्या पट्ट्या बाहेर येतात: एक १६ तारांची, एक ८ तारांची. म्हणजे एकूण २४ पिना लागतात. रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर २६ मिळतात, त्यामुळे तेवढ्या एका बोर्डावर काम भागतं. फर्मवेअरसाठी, म्हणजे या बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी, क्यूएमके हे कीबोर्डांसाठीचं सॉफ्टवेअर वापरा.

पट्ट्यांना सोल्डरिंग आयर्न अजिबात लावू नका. ते प्लास्टिक आहे, क्षणात वितळेल आणि मग कीबोर्डच गेला. जुन्या बोर्डावरचे कनेक्टर काढून तेच वापरा, किंवा २.५४ मिमी अंतराचे नवे घ्या. पट्टी सरळ वर ओढा, तिरकी ओढली की टोकाचा काळा थर खरवडतो.

या तारांच्या उभ्या-आडव्या जाळीत (मॅट्रिक्समध्ये) डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, नाहीत. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, तर चौथं न दाबताच उमटतं. म्हणून क्यूएमकेच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मॅट्रिक्स हॅज घोस्ट’चा पर्याय चालू ठेवा.

कुठलं बटण कोणत्या दोन तारा जोडतं हे मल्टिमीटरने तपासून वहीत मांडा. एक संध्याकाळ जाते, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

तुमचा आयबीएमचाच जुना मॉडेल एफ असेल तर मात्र हे चालणार नाही, तो कपॅसिटिव्ह आहे, म्हणजे त्यात तारा जोडल्या जात नाहीत, विद्युत धारकतेतला बदल ओळखला जातो, त्याला वेगळं सर्किट लागतं.