गावाकडच्या पर्यावरणपूरक सवयी शहरात वाढणाऱ्या मुलांना कशा लावता?

माझं लहानपण रावेरजवळच्या खेड्यात गेलं, आता वीसेक वर्षं इंदूरला आहे, मुलं इथलीच. आधी एक सांगतो, आमच्या घरी पर्यावरण हा शब्द शाळेच्या पुस्तकाबाहेर कोणी ऐकलेला नव्हता. भाजीची जुडी केळीच्या सोपटाने बांधायचे कारण सुतळीला पैसे पडायचे, चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या घालायचे कारण गॅस नव्हता. त्या धुराने आईचे डोळे अजून चुरचुरतात, तेव्हा गावचं सगळंच उचलून आणायच्या लायकीचं असतं असं काही नाही.

मुलांना भाषण देऊन काही होत नाही, मी दोन वर्षं देऊन बघितलं. मग बाल्कनीत भोकं पाडलेला माठ ठेवला खतासाठी आणि पहिल्याच झटक्यात तोंडावर पडलो. देठं, सालं, वरून उरलेली आमटीपण ओतली, आठ दिवसांत अळ्या आणि वास असा की शेजारच्या वहिनी दार वाजवायला आल्या. आईला फोन केला तर हसतच सुटली, "अरे नुसतं वलं टाकलं तर सडणारच ना, उकिरड्यावर आपण पाचोळा टाकायचो तो काय हौस म्हणून?" तेव्हापासून एक वाटी सालं तर दोन वाट्या वाळका पाला नाहीतर फाडलेला पेपर, शिजलेलं अन्न अजिबात नाही, आणि आठवड्यातून एकदा काठीने वरखाली करायचं म्हणजे आत हवा जाते. दोन-अडीच महिन्यांत काळं भुसभुशीत खत. पेपर फाडायचं काम मुलीचं, ती ते फार मन लावून करते.

मुलाने मात्र अडवलं. पप्पा, आपल्याकडे गाडी येते, ओल्या कचऱ्याचा देवगुराडियाच्या प्लांटमध्ये गॅस बनतो, मग हा उद्योग कशाला? बरोबरच आहे भिया (आमच्या इंदूरचा 'भाऊ'), 2022 मध्ये सुरू झाला तेव्हाच तो प्लांट दिवसाला 550 टन घेऊ शकत होता, माझ्या माठाने त्याला काय फरक पडणार. उरलंसुरलं अन्न आम्हीही गाडीतच देतो. शेवटी म्हटलं, नर्सरीतून खताची पिशवी आणत होतो ना, ते पैसे आता तुझे. लागला कामाला. गावातही कारण तेच होतं, पैसा.

पाण्याचं सोपं गेलं. मंडलेश्वरला जाताना जलूद दाखवलं, म्हटलं आपल्या नळाचं नर्मदेचं पाणी इथून पंपाने चढवत 70 एक किलोमीटर येतं. आता आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरतात, त्याने फरशी पुसतो. कुंड्यांना रोज नका घालू ते, क्षार जास्त असतात.

पिशवीपुढे मात्र हरलोय. बायकोने माझ्या जुन्या पँटच्या मस्त दोन शिवल्या, दाराला टांगलेल्या आहेत, पण किराणा मोबाईलवरून दहा मिनिटांत घरी येतो, पिशवी घेऊन जायचं कुठे? कोणी यावर काही केलं असेल तर खाली लिहा.