सुटे, सुट्टे आणि चेतकचं पातं

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावच्या एका निवृत्त हवालदारसाहेबांचा प्रश्न आहे. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलात असताना ते चेतक हेलिकॉप्टरच्या देखभालीवर होते, आता आठवणी लिहितायत. 'सुटे भाग' लिहावं की 'सुट्टे भाग'? आणि वर फिरतो त्याला 'पंखा' म्हटलं तर चालेल का?

सुटे. सुट्टे एसटीच्या कंडक्टरला द्यायचे. सातारा काय, सांगली काय, एमआयडीसीच्या रस्त्याला 'सुट्टे पार्ट मिळतील' वाचून डोकं उठतं. दुकानदार नोट मोडून देतो की बेअरिंग?

पंखा नको. पंखा वारा घालतो, माणसं उचलत नाही. शब्द आहे पातं. चेतकला वर तीन पाती असतात, तीन पंखे नव्हेत.

आता खरी गंमत. हल्ली जो तो 'हेली' आणि 'कॉप्टर' असे दोन तुकडे करतो. त्यातूनच हेलिपॅड आणि क्वाडकॉप्टर निघाले. तुकडा चुकीच्या जागी पडलाय. 1861 मध्ये गुस्ताव्ह द पाँतों दामेकूर या फ्रेंच गृहस्थानं हा शब्द घडवला तो ग्रीक 'हेलिको' आणि 'प्तेरोन' जोडून. हेलिको म्हणजे पीळ, मळसूत्र. प्तेरोन म्हणजे पंख. म्हणजे तोडायचंच तर हेलिको-प्टर असं तोडा. आणि हे प्तेरोन आपल्या 'पत्' धातूचं सख्खं भावंड. पत् म्हणजे उडणं, आणि पडणंही. पतंग त्यातला, पतन त्यातलं आणि संस्कृतातलं पत्रही त्यातलंच. पत्राचं प्राकृतात झालं पत्त, मराठीत पात आणि पातं. कांद्याची पात, विळ्याचं पातं, चेतकचं पातं. 'हेलिकॉप्टरचं पातं' म्हणताना आपण एकच मूळ दोनदा उच्चारतो!

सांगलीतले एक निवृत्त प्राध्यापक मला दर वेळी ऐकवतात, की पातं हे झाडाच्या पानावरून आलं, आकार सारखा म्हणून. पत्राचा जुना, वैदिक अर्थ पंख, पीस असा आहे. पान मागाहून आलं, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं, त्यांनी चहा मागवला. माझं म्हणणं असं, की मराठी पात्यात तो पंख अजून फडफडतोय. नाहीतर 'डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच' असं आपण का म्हणतो? पापणी पंखासारखीच उघडते, मिटते. पान कधी असं उघडमीट करतं का?

हवालदारसाहेबांनी पत्रात लिहिलंय, की पाती बदलली की टोकांना वेगवेगळ्या रंगांचा खडू लावायचा, इंजिन सुरू करायचं आणि काठीला ताणलेली कापडी पट्टी हळूच फिरत्या टोकांजवळ न्यायची. खुणा एकाच उंचीवर उमटल्या तर पाती एका पातळीत फिरतायत. आणि पुढे त्यांनी सहज लिहिलेलं वाक्य: "थांबलेलं पातं खाली लवतं, फिरायला लागलं की सरळ होतं." लवतं! त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. प्राध्यापकांना हे वाक्य तसंच पाठवलंय.

हां, आणि 'सुटे भाग'. सुटा म्हणजे जोडणीतून मोकळा. स्पेअर म्हणजे वेळेला लागेल म्हणून राखलेला. कोठारात खोक्यात पडलेल्या पात्याला मी 'राखीव पातं' म्हणेन, खोलून टेबलावर मांडलेल्याला 'सुटा भाग'.