'ॲम्बर अलर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका बातमीचा अनुवाद करताना 'ॲम्बर अलर्ट' हा शब्द आला. कोशात ॲम्बर म्हणजे तृणमणी आणि त्यावरून पिवळसर-तांबूस रंग. मग 'बेपत्ता मुलासाठी नारिंगी इशारा जारी' असं लिहिलं तर चालेल का?

चालणार नाही. आणि अडचण फक्त 'नारिंगी'ची नाही, 'बेपत्ता'चीही आहे. माझ्या मते दुसरी जास्त गंभीर आहे, पण आधी रंगाचं बघू.

मूल पळवलं गेलं की अमेरिकेत पोलीस लोकांना जी तातडीची सार्वजनिक सूचना देतात, ती 'ॲम्बर अलर्ट'. आणि ॲम्बर हे इथे एका मुलीचं नाव आहे. ॲम्बर हेगरमन, वय ९, टेक्सस राज्यातल्या आर्लिंग्टनची. १३ जानेवारी १९९६ रोजी ती एका बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये सायकल चालवत होती. काळ्या पिकअप ट्रकमधून आलेल्या माणसाने तिला उचलून गाडीत घातलं. शेजारच्या एका वयस्क गृहस्थांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि पोलिसांना कळवलं. चार दिवसांनी तिचा मृतदेह एका ओढ्यात सापडला. गुन्हेगार आजही मोकळा आहे.

यातली सलणारी गोष्ट अशी की माहिती हातात होती. गाडी कशी, रंग कोणता, वेळ काय, सगळं ठाऊक होतं. पण त्या क्षणी रस्त्यावर असलेल्या हजारो चालकांपर्यंत ते पोचवायचं कसं, याची कुठलीच सोय नव्हती. त्याच परिसरातल्या एका बाईंनी एका रेडिओ केंद्राला सुचवलं की वादळाची सूचना द्यायला तुम्ही चालू कार्यक्रम थांबवता, तसा तो मूल पळवलं गेल्यावरही थांबवा. आणि या योजनेला ॲम्बरचं नाव द्या. डॅलस-फोर्ट वर्थ भागातल्या रेडिओ केंद्रांनी पोलिसांच्या साथीने त्याच वर्षी ती सुरू केली.

इंग्रजीत या शब्दाचं 'अमेरिकाज मिसिंग : ब्रॉडकास्ट इमर्जन्सी रिस्पॉन्स' असं विस्तारित रूपही सापडेल. ते नंतर बसवलेलं आहे. नाव आधी, आद्याक्षरांचा अर्थ मागाहून. त्यामुळे 'ॲम्बर हे अमुक शब्दांचं लघुरूप आहे' असं अनुवादात लिहिलं, तर ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नसलं तरी मुलगी पुसली जाते. मला ते मान्य नाही.

रंगाचा घोटाळा मात्र समजण्यासारखा आहे, कारण तो इंग्रजीतही आहे. ब्रिटनचं हवामान खातं पिवळा, ॲम्बर आणि लाल अशा चढत्या क्रमाने इशारे देतं. तिथला 'ॲम्बर' खरोखरच रंग आहे, आणि त्याला 'नारिंगी इशारा' म्हणायला काहीच हरकत नाही. म्हणजे वाक्य वादळाचं आहे की मुलाचं, हे पाहूनच ठरवावं लागतं. (लेखनाबद्दल एक सूचना: 'अंबर' लिहू नका. मराठी वाचकाला त्यात आकाश दिसतं, नाहीतर पीतांबरातलं वस्त्र. 'ॲम्बर' किंवा 'अँबर' लिहा.)

आता 'बेपत्ता'कडे. मराठीत आपल्याकडे क्रियापदांची एक नेमकी जोडी आहे: पळून जाणे आणि पळवून नेणे. मूल घरातून रुसून पळून गेलं, तर मूल बेपत्ता असतं. मुलाला कुणी पळवून नेलं, तरीही मूल बेपत्ताच असतं. हरवलं तरी बेपत्ता. घरच्यांची तगमग तिन्ही वेळी सारखी, पण ही यंत्रणा यातल्या एकाच क्रियापदासाठी उभी आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने राज्यांना जे निकष सुचवले आहेत त्यांत हेच पहिलं: अपहरण झालं आहे असं मानायला पोलिसांकडे सबळ कारण हवं. शिवाय मुलाला गंभीर इजा किंवा मृत्यूचा धोका जवळ आलेला असावा. मुलाचं, संशयिताचं किंवा वाहनाचं एवढं वर्णन हाताशी असावं की ते ऐकून कुणी काही करू शकेल. आणि वय १७ किंवा त्याहून कमी.

म्हणून हजारो मुलं बेपत्ता असतात आणि त्यांतल्या अगदी थोड्यांसाठी अलर्ट दिला जातो. 'बेपत्ता मुलासाठी ॲम्बर अलर्ट' असं वाचलेल्या माणसाला साहजिकच वाटतं की मूल सापडेना की पोलीस अलर्ट देतात. तसं केलं असतं, तर वरचेवर वाजणाऱ्या सूचनेकडे लोकांनी लक्षच दिलं नसतं. निकष कडक ठेवण्यामागचं कारण हेच आहे.

ॲम्बरच्या आधी अमेरिकेत जे प्रयत्न झाले ते खऱ्या अर्थाने 'बेपत्तां'साठी होते. १९८४ मध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन्समध्ये दुधाच्या खोक्यांवर मुलांचे फोटो छापायला सुरुवात झाली, आणि ती पद्धत देशभर पसरली. पण खोका छापून घरोघर पोचेपर्यंत दिवस जात. देशभरात अपहरण होऊन खून झालेल्या मुलांच्या प्रकरणांचा वॉशिंग्टन राज्याने केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचा जीव पहिल्या तीन तासांतच गेला होता. हा आकडा वाचल्यावर दुधाचा खोका आणि रेडिओ यांच्यातला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात. ३० एप्रिल २००३ रोजी 'प्रोटेक्ट ॲक्ट' या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही झाली आणि न्याय विभागात या कामासाठी राष्ट्रीय समन्वयक आला. २००५ पर्यंत पन्नासही राज्यांत योजना होती. २०१३ च्या आरंभापासून हा अलर्ट मोबाइलवर आपोआप येऊ लागला. तो साधा एसएमएस नसतो. टॉवरच्या टापूत जे जे फोन चालू असतील त्यांवर तो एकदम प्रक्षेपित होतो, कुणाचा नंबर ठाऊक असायची गरज नसते, आणि त्याचा आवाज मुद्दाम कर्कश ठेवलेला आहे.

भाषेत रस असणाऱ्याने त्या पहिल्या वर्षातला एक संदेश जरूर पाहावा. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाभर फोन एकदम वाजले. तेव्हा संदेशाला ९० अक्षरांची मर्यादा होती. त्यात काय होतं? 'बुलेव्हार्ड, सीए', मग 'ॲम्बर अलर्ट', मग 'एलआयसी' आणि गाडीचा नंबर, शेवटी निळी निसान व्हर्सा, चार दरवाजे. मुलाचं नाव नाही, 'अपहरण' हा शब्द नाही, काय करायचं तेही नाही. 'एलआयसी' म्हणजे लायसन्स प्लेट, आणि बुलेव्हार्ड हे रस्त्याचं नव्हे तर सॅन डिएगो परगण्यातल्या एका लहान गावाचं नाव. हे ठाऊक नसलेले लोक चक्रावले. त्या संदेशाचा सगळा अर्थ 'ॲम्बर' या एका शब्दावर तोललेला होता. तो कळला तरच गाडीच्या नंबराला अर्थ. आता नव्या जाळ्यांवर ३६० अक्षरं मिळतात.

मग मराठी प्रतिशब्द काय? बाकीच्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. फ्रेंचांनी २००६ मध्ये आपली यंत्रणा उभारताना 'अलेर्त आंलेव्हमां' म्हटलं, म्हणजे सरळ 'अपहरण इशारा'. ब्रिटिशांनी 'चाइल्ड रेस्क्यू अलर्ट' म्हणत हेतू पुढे केला. अमेरिकेतच जॉर्जिया राज्यात या योजनेचं नाव 'लीव्हायज कॉल' आणि आर्कन्सॉमध्ये 'मॉर्गन निक ॲम्बर अलर्ट' आहे. दोन्ही तिथल्याच पळवलेल्या मुलांची नावं. आणि अमेरिकेच्या आणीबाणी प्रसारण यंत्रणेत जो संकेत वापरतात त्यात ॲम्बर नाहीच, तिथे 'चाइल्ड ॲबडक्शन इमर्जन्सी' असं कोरडं, नेमकं वर्णन आहे.

मला 'इशारा' हा शब्द इथे थोडा आखूड वाटतो. इशाऱ्यात 'सांभाळा, तुमच्यावर संकट येतंय' असा सूर असतो. वादळाचा इशारा ऐकून माणूस घरात जातो. ॲम्बर अलर्ट ऐकून त्याने बाहेर नजर टाकावी, अशी अपेक्षा असते. संकट दुसऱ्याच्या मुलावर आहे आणि मदत ऐकणाऱ्याकडे मागितली जाते. या अर्थाला मराठीत 'हाकाटी' जवळचा आहे. इंग्लंडमध्ये १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने गुन्हेगार पळताना दिसला की ओरड करून साऱ्या गावाने त्याच्या मागे लागणं बंधनकारक केलं होतं, आणि त्या ओरडीला 'हाकाटी'च म्हणता येईल. तरीही बातमीत मी हा शब्द सुचवणार नाही, कारण आज 'हाकाटी पिटणे' म्हटलं की उगाच केलेली आरडाओरड असाच अर्थ निघतो. जिथे बोलावणं चाललंय हे दाखवायचं असेल, तिथे 'आवाहन' पुरेसं आहे.

तेव्हा माझं उत्तर असं: विशेषनाम म्हणून 'ॲम्बर अलर्ट' तसंच ठेवा, आणि पहिल्या उल्लेखात सोबत 'पळवून नेलेल्या अल्पवयीन मुलांच्या शोधासाठीचं सार्वजनिक आवाहन' असं लिहा. 'बालक' टाळा, कारण सतरा वर्षांच्या मुलाला मराठीत कुणी बालक म्हणत नाही आणि यंत्रणा त्याच्यासाठीही आहे. आई किंवा बापानेच मूल नेलं असेल, आणि अशी प्रकरणं बरीच असतात, तर 'अपहरणकर्ता' न लिहिता 'मुलाला घेऊन गेलेले वडील' असं नातं सांगून लिहा. धोका किती होता ते पुढच्या वाक्यात येऊ द्या. 'जारी'ऐवजी 'दिला' चालतं.

एक शब्द मूळ प्रश्नात नव्हता, पण त्याच बातमीत पुढे येईल: 'कॅन्सल्ड'. मूल सापडलं की इंग्रजीत अलर्ट 'कॅन्सल' होतो. त्याचं 'रद्द केला' केलं, तर मुळात तो चुकून दिला होता असं वाटतं. 'मुलगी सुखरूप सापडली, अलर्ट थांबवला' असं लिहा; आणि ती सुखरूप नसेल, तर तेही त्याच वाक्यात लिहा.