भुसावळला बदली झाली आहे, खान्देशी जेवण म्हणजे नुसतं तिखटच असतं का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याहून भुसावळला बदली झाली, पहिल्याच आठवड्यात हायवेवरच्या एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, रात्रभर पोटात आग पडली अन् आता भीती वाटते की इथे सगळं असंच असणार. मी यावल तालुक्यातला, सध्या जळगावला राहतो, पुण्यात चार वर्षं होतो तेव्हा रूमवरच्या पोरांनी हाच प्रश्न मला किती वेळा विचारला असेल, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शेवभाजी वाईट नाही हो, पण सुरुवात तिच्यापासून नको. घरी करतात तेव्हा कांदा अन् सुकं खोबरं थेट विस्तवावर नाहीतर गॅसवर पार काळं होईपर्यंत भाजतात, मग लसूण, आलं, खडा मसाला घालून वाटतात, रश्शाला तो काळसर रंग येतो तो ह्या भाजण्याचा. ज्याला एवढं करायचा कंटाळा तो तिखट अन् तेल ओतून रंग आणतो, आणि बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं खान्देश म्हणजे मिरची. मिरची आहेच, नंदुरबारकडे मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्या बघितल्या तर लांबपर्यंत जमीन लाल दिसते, नाकारत नाही. पण माझं ठाम मत आहे की आमच्या जेवणाची चव भाजण्यात आहे, धुरात आहे, आणि ती कळायची असेल तर भरीत खा.

आणि भरीत हॉटेलात नाही, शेतात खा. दिवाळी झाली, थंडी पडली की बामणोद अन् आसपासच्या गावांतली भरताची वांगी बाजारात यायला लागतात, मोठ्ठी, फिक्कट हिरवी, पांढऱ्या रेघा असलेली, हातात घेतली तर आकाराच्या मानाने हलकी, बिया कमी. तुम्हाला साताऱ्यात जांभळं वांगं माहीत असेल, त्याचं भरीत वेगळं लागतं. (2016 साली जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही.) पुण्यात असताना मी तिथल्या वांग्याचं करून बघितलं होतं, नाही जमलं, मग आई ट्रॅव्हल्सच्या गाडीत पिशवी द्यायची, पहाटे स्टॉपवर जाऊन ती सोडवून आणायचो, वर्तमानपत्रात एकेक वांगं गुंडाळलेलं असायचं, देठासकट.

देठ महत्त्वाचं आहे, सांगतो. आमचा भाग कपाशीचा, वेचणी संपली की शेतात वाळलेल्या काड्यांचे ढीग पडतात, फुकटचं जळण. त्या काड्या अंथरायच्या, वर वांगी ओळीने मांडायची, वरून परत काड्या, अन् पेटवून द्यायचं. कपाशीची काडी भसकन पेटते, जाळ मोठा लागतो अन् लवकर बसतो, त्यामुळे साल जळून कोळसा होतं पण आतला गर ओलाच राहतो. लांब काठीने वांगी उलटवत राहायचं. देठाजवळून पाणी चुरचुरायला लागलं की झालं समजायचं. माझी आजी तिथे खाटेवर बसून एकच सांगायची, "जयू दे त्याले नीट, घाई नको करू" (जयू दे म्हणजे जळू दे), कारण अर्धं भाजलेलं वांगं तुरट लागतं अन् मग कितीही फोडणी द्या, ते सुधरत नाही. मग गरम असतानाच, हात पाण्यात बुडवून, देठाला धरून साल काढायचं. थंड झाल्यावर सोलू म्हणाल तर धुराचा वास जातो असं आमच्याकडे मानतात, आणि मला तरी ते खरं वाटतं.

सोललेली वांगी लाकडी भांड्यात लाकडी मुसळानेच ठेचतात, मिक्सर लावला तर लगदा होतो, दोरे राहिले पाहिजेत. फोडणीत आधी शेंगदाणे अन् सुक्या खोबऱ्याचे काप तळून घेतात, मग हिरवी मिरची अन् लसणाचा ठेचा, मग वांगं, अन् शेवटी कांद्याची पात आणि कोथिंबीर, पात टाकली की लगेच उतरवायचं. लाल तिखट नाही, गरम मसाला नाही, टोमॅटो तर अजिबात नाही. आणि सोबत कळण्याची पुरी नाहीतर भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी अन् सालाचे उडीद एकत्र दळलेले, आमच्या घरी चाराला एक असं प्रमाण, त्यात मीठही आधीच घालतात. केळीच्या पानावर भरीत, बाजूला मुळा, कच्चा कांदा, अन् समोर विझत आलेला जाळ. थंडीत बसून हे खाल्लं की माणूस मोजून पुऱ्या खाऊच शकत नाही.

पण थंडीला वेळ आहे, तोवर काय? तोवर वरण-बट्टी. लेवा पाटील हा इकडचा शेतकरी समाज, त्यांच्यातल्या कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर टाळू नका, पंगतीला बसा. गहू अन् मका जाडसर दळून, ओवा-हळद घालून गोळे करतात, उकडतात, कापून तळतात, ती बट्टी. पानात ती हाताने चांगली कुस्करायची, वर वरण, वर तूप, आणि सोबत हिरव्या वांग्यांची घोटलेली भाजी. पोट जळायचा प्रश्नच येत नाही. आणि रोजच्या जेवणात तुरीच्या डाळीची खिचडी करून बघा, ताटात वाढल्यावर वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल, भाजलेला पापड. तुम्हाला आधी विचित्र वाटेल, माझ्या साताऱ्याच्याच एका मित्राला वाटलं होतं, आता तो घाण्याचं तेल माझ्याकडून मागवतो.

उन्हाळ्यापर्यंत इथेच असाल तर आखाजी (अक्षय्य तृतीया) चुकवू नका. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, अन् घरोघर आमरस आणि मांडे. मांडे लाटत नाहीत बरं का. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकतात. माझी मोठी काकू हे करते तेव्हा बोलत नाही, कुणी हाक मारली तरी वर बघत नाही, पोळी इतकी पातळ की आरपार पुरण दिसतं. आता फार कमी घरांत हे हात राहिलेत, विकतचे मांडे आणतात बरेच जण, म्हणून सांगतोय, कुणाकडे करताना बघायला मिळालं तर आवर्जून जा, नुसतं खायला नाही, बघायला.

भरताचं निमंत्रण कसं मिळवायचं म्हणाल तर ते सगळ्यात सोपं आहे. ऑफिसात रावेर, यावल, फैजपूरकडचं कुणी ना कुणी असणारच, डिसेंबर लागला की फक्त विचारायचं, "भाऊ, यंदा भरीत कधी?" तारीख तेच सांगतील. जाताना पिशवीभर शेंगदाणे नाहीतर मुळे घेऊन जा, रिकाम्या हाताने गेलात तरी कुणी काही म्हणणार नाही, पण नेलेलं बरं. आणि वांगी सोलायला बसा, पाहुणे म्हणून खुर्चीवर बसू नका.

शेवभाजी परत खायची हिंमत झाली तर ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरीच खा, आणि शेव वेगळ्या वाटीत मागा, खाताना टाकायची, आधीपासून रश्श्यात पडली तर तिचा लगदा होतो.