खांदेदुखीवर लेसर थेरपीचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की तीन महिने खांदा दुखतोय, हात वर जात नाही आणि लेसरची दहा सिटिंग घ्यायला सांगितली आहेत, घ्यावीत का? मी फिजिओथेरपिस्ट आहे, लेसरचं यंत्र रोज वापरते. जरूर घ्या, पण नुसत्या लेसरवर विसंबू नका.

आधी खांद्याला नेमकं काय झालंय ते विचारा. कोपर कुशीला टेकवून दुसऱ्या कोणी तुमचा हात हळूच बाहेर वळवला आणि तरीही तो अडला, तर बहुधा फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण आखडून खांदा जखडणं, आहे. मधुमेह असेल तर त्याची शक्यता आणखी वाढते. दुसऱ्याने उचलल्यावर हात सहज वर जातो, पण स्वतः उचलताना कळ येते, तर खांद्याभोवतीच्या टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचं, दुखणं असू शकतं. दोन्हींचे व्यायाम वेगळे, म्हणून हे कळल्याशिवाय लेसर सुरू करण्यात अर्थ नाही.

लेसर म्हणजे इथे लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश. तो पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, शोषला जातो, त्यातून सूज आणि वेदना कमी व्हायला मदत होते. कमी शक्तीच्या लेसरने शेकही जाणवत नाही. "मॅडम, मशीन चालू आहे ना?" हे मला जवळजवळ प्रत्येक पेशंट विचारतो. चालूच असतं. मात्र प्रकाश फार खोल जात नाही, म्हणून प्रोब, म्हणजे यंत्राचं प्रकाश सोडणारं टोक, उघड्या त्वचेवर, नेमक्या जागी टेकवावा लागतो. वरचं टेंडन हाडाच्या छपराखाली दडलेलं असतं. ते पुढे यावं म्हणून आम्ही पेशंटला हात पाठीमागे घ्यायला लावतो. कपड्यावरून घाईघाईने फिरवलेल्या लेसरकडून मी काही अपेक्षा ठेवणार नाही.

२०१४ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे उपचारांवरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, फ्रोझन शोल्डरवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. व्यायामासोबत खरा लेसर घेतलेल्यांचं दुखणं चौथ्या आठवड्यात, व्यायामासोबत खोटा लेसर घेतलेल्यांपेक्षा जास्त कमी झालेलं दिसलं. दोन्ही गटांत व्यायाम होताच, हे लक्षात घ्या. माझाही अनुभव तसाच आहे: लेसरने कळ थोडी ओसरते, रात्री झोप लागते, आणि त्याच दिवसांत हात हलवून घ्यायचा असतो. ते दिवस वाया गेले की फार वाईट वाटतं.

लेसर चालू असताना पेशंट आणि थेरपिस्ट दोघांच्याही डोळ्यांवर खास चष्मा हवाच. त्या भागात कॅन्सरची गाठ असेल किंवा त्वचा उन्हाला हळवी करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा. खांद्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा.

पहिल्या दिवशी हात मागे नेऊन अंगठा पाठीवर कुठवर पोचतो ते घरच्यांना बघून ठेवायला सांगा. पाच-सहा सिटिंगनंतर दुखणं तेवढंच आणि अंगठाही तिथेच असेल, तर उरलेली घेण्याआधी खांदा पुन्हा तपासायला लावा.