टाइप-सी डॉकवरचा दुसरा मॉनिटर उबंटूत 'नो सिग्नल' दाखवते, विंडोज टाकू का?

भाऊ, विंडोज टाकायची घाई करू नका. तुम्ही लिहिलं की उबंटू २२.०४ (विंडोजऐवजी वापरतात ती लायनक्सची सिस्टीम) मध्ये लॅपटॉपच्या एचडीएमआयवरचा मॉनिटर चालते, डॉकवरचा (टाइप-सीले लावून जास्तीचे पोर्ट देणारा डबा) नुसता 'नो सिग्नल' दाखवते अन् विंडोजमध्ये तेच डॉक बरोबर चालत होतं. म्हणजे मॉनिटर अन् केबल ठीक हायेत, आता पाहायचं ते डॉक कोणत्या जातीचं हाय.

आमच्या दारव्ह्याकडं बी सेवा केंद्रवाले असेच डॉक ऑनलाइन मागवतात, खोक्यावर दोन स्क्रीनचं चित्र असते पण आत कोणती चिप हाय ते धड लिहिलेलं नसते. एक प्रकार लॅपटॉपच्या ग्राफिक्सचा सिग्नलच टाइप-सीतून सरळ पुढं देते, त्याले वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. दुसरा डिस्प्लेलिंकवाला, त्यात चित्र यूएसबी डेटा म्हणून जाते अन् डॉकमधली चिप ते उलगडते, त्याले ड्रायव्हर लागतेच. विंडोज तो गुपचूप नेटवरून आणून टाकते म्हणून तुम्हाले कधी कळलंच नसन.

डॉक लावून टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) कमांड मारा, ती जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवते. यादीत डिस्प्लेलिंक नाव किंवा १७ई९ (17e9) नं सुरू होणारा आयडी दिसला तर तोच मामला. ड्रायव्हर सिनॅप्टिक्सच्या साइटवर उबंटूसाठी फुकट भेटते, २०२० मध्ये डिस्प्लेलिंक कंपनी त्याइनंच विकत घेतली.

आता इथं नीट लक्ष द्या, बहुतेक लोक इथंच अडकतात. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर चालू होताना अडवणारी सोय) चालू असन तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायले सांगते, अन् रीस्टार्टच्या वेळी निळी स्क्रीन येते, ती १० सेकंदच थांबते, तेवढ्यात कोणतंही बटण दाबा. पहिला पर्याय 'कंटिन्यू बूट' असते, त्यावर एंटर मारू नका, खालचं 'एनरोल एमओके' (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीले मान्यता) घ्या अन् तोच पासवर्ड टाका. हे सुटलं तर ड्रायव्हर असूनही लोड होत नाही अन् माणूस डॉकलेच शिव्या देते. पुढं कधी कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपडेटनंतर स्क्रीन पुन्हा गेली तर ग्रबच्या (लॅपटॉप चालू होताना येणाऱ्या मेनूच्या) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्या कर्नलवर चालू करा, मग ड्रायव्हरची नवी आवृत्ती टाका.

यादीत डिस्प्लेलिंक नसन तर डॉक बहुधा पहिल्या प्रकारचं. लॅपटॉपमध्ये एनव्हीडियाची वेगळी ग्राफिक्स चिप असन तर 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स'मधून तिचा ड्रायव्हर टाका, काही लॅपटॉपांत बाहेरचे पोर्ट तिलेच जोडलेले असतात. सिक्युअर बूटची निळी स्क्रीन तिथं बी येते. मॉनिटर ४के असन तर आधी सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ किंवा रिझोल्यूशन १०८०पी करून पाहा, कारण बऱ्याच स्वस्त डॉकमधून ४के ६० हर्ट्झवर जातच नाही.

अजून एक, रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज किती पडते ते तुम्हाले माहीतच हाय. स्क्रीन मधूनच काळी होऊन परत येत असन तर डॉकले त्याचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लावा अन् सगळं इन्व्हर्टरवर घेऊन पाहा, त्यानं थांबलं तर तो दोष लायनक्सचा नाही.

एलएसयूएसबीची यादी, डॉकचं मॉडेल अन् लॅपटॉपचं मॉडेल इथं टाका, मी पाहून सांगतो. तोवर नवीन डॉकवर पैसे घालू नका.