ॲक्सलरेटरच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) चुंबकांना पल्स वीज देताना ग्रिडला झटका का बसत नाही? आणि तसा छोटा पल्सर (पल्स देणारी यंत्रणा), २०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलला ५०० अँपिअर देणारा, नागपुरातल्या कॉलेजात करता येईल का?

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चालतील का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. कारण खाली येईलच.

ग्रिडचं कोडं सोपं आहे. चुंबक वीज खातो कमी, अडकवून जास्त ठेवतो. सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतल्या पीएस (प्रोटॉन सिंक्रोट्रॉन) या ॲक्सलरेटरचे मुख्य चुंबक घ्या. सुमारे ६ हजार अँपिअर आणि १० हजार व्होल्ट, म्हणजे शिखराला ६० मेगावॅट. आपल्या कोराडी वीज केंद्राच्या ६६० मेगावॅटच्या एका संचाचा अकरावा हिस्सा, तोही दर एक-दोन सेकंदांनी चढणार आणि उतरणार! पण चुंबकात साठलेले साधारण १२ मेगाज्यूल प्रवाह उतरताना परत मिळतात. ते ठेवायला पूर्वी मोटर-जनरेटरचा अवजड फिरता रोटर होता. २०११ पासून कपॅसिटरच्या सहा बँका आहेत. ग्रिड फक्त तांब्यात आणि कन्व्हर्टरमध्ये जळलेलं भरून देतो.

तुमच्या २०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलला ५०० अँपिअर म्हणजे २५ ज्यूल. १००० मायक्रोफॅराड घेतले, तर व्होल्टेज येतं प्रवाह गुणिले इंडक्टन्स-कपॅसिटन्सच्या भागाकाराचं वर्गमूळ, म्हणजे २२४ व्होल्ट. अर्ध्या साइन लहरीची रुंदी १.४ मिलिसेकंद. रोधातला तोटा धरून २४०-२५० व्होल्टपर्यंत चार्ज करा. १२०० व्होल्टचा, शंभरेक अँपिअर सरासरीचा स्टड टाइप (बोल्टसारखा बसवायचा) थायरिस्टर पुरतो; थायरिस्टर म्हणजे इशारा दिला की चालू होणारा आणि प्रवाह थांबला की बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. त्याच्यावर आरसी स्नबर, म्हणजे व्होल्टेजचे झटके शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, हवाच.

आता कपॅसिटर. पल्स संपतो तेव्हा तो रिकामा नसतो, उलटा चार्ज झालेला असतो, उणे २०० व्होल्टच्या आसपास. इलेक्ट्रोलिटिकला हे सोसत नाही, तो फुगतो किंवा फुटतो. पंपाच्या मोटरला लागणारे ४४० व्होल्ट एसीचे, ५० मायक्रोफॅराडचे रन कपॅसिटर २० नग समांतर जोडा. दुकानात ‘मोटरचा कपॅसिटर’ एवढंच म्हणू नका, स्टार्ट कपॅसिटर हातात येईल आणि तो आतून इलेक्ट्रोलिटिकच असतो.

बहुतेक प्रोजेक्ट खरे इथे अडतात: चार्जर. दोन घोटाळे होतात. चार्जर चालू ठेवून थायरिस्टर फायर केला (इशारा देऊन चालू केला), तर चार्जिंगचा प्रवाह होल्डिंग करंटपेक्षा (चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रवाहापेक्षा) जास्त असल्यास थायरिस्टर बंदच होत नाही. आणि उलटा झालेला कपॅसिटर चार्जरमधल्या ब्रिज रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांना) सापडला, की चारही डायोड त्याच्यासाठी सरळ रस्ता होतात आणि जळतात. मध्ये आणखी एक डायोड टाकून उपयोग नाही, तोही त्याच दिशेचा. फायर करण्याआधी चार्जर आयजीबीटीने (ट्रान्झिस्टर स्विचने) किंवा काँटॅक्टरने तोडा, कपॅसिटर सुलटा होईपर्यंत जोडू नका.

सुलटा करायला दुसरा थायरिस्टर आणि चोक (एक वेगळी कॉइल) थेट कपॅसिटरला समांतर लावा. पहिल्यातून प्रवाह शून्य झाला की काही मिलिसेकंदांनी याला फायर करा. कपॅसिटरची दिशा पलटते आणि चार्जरला फक्त तोटा भरावा लागतो. सर्नचीच युक्ती, २५ ज्यूलमध्ये. रिकामा कपॅसिटर नुसत्या रेझिस्टरमधून चार्ज केला, तर जेवढी ऊर्जा साठते तेवढीच रेझिस्टरमध्ये जळते, हेही लक्षात घ्या.

कॉइलवर फ्रीव्हीलिंग डायोड (कॉइलचा प्रवाह तिच्यातच फिरत ठेवणारा) लावायचा मोह होईल. लावू नका, प्रवाह रेंगाळत उतरेल आणि ऊर्जा परत येणारच नाही. कोअर असेल तर पातळ पत्र्यांचा, भरीव लोखंडात एडी करंटमुळे (आतच गोल फिरणाऱ्या प्रवाहांमुळे) चुंबकीय क्षेत्र प्रवाहाच्या मागे पडतं. प्रवाह रोगोव्स्की कॉइलने (तारेभोवती घालायच्या, सर्किटला न जोडणाऱ्या कॉइलने) मोजा. शंट (प्रवाह मोजायचा छोटा रेझिस्टर) लावून ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप भलत्या ठिकाणी लागली, की स्कोप गेलाच.

कपॅसिटरवर २२ किलोओहम, १० वॅटचा ब्लीडर (उरलेला चार्ज काढून टाकणारा रेझिस्टर) कायमचा ठेवा. बंद केल्यावर दोन मिनिटं थांबा, मग मल्टिमीटर लावून पाहा, मगच हात घाला.

आणि नागपूरचा मे विसरू नका. तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्के वाढतो. डिसेंबरात ठरवलेल्या व्होल्टेजवर ४५ अंशांत प्रवाहाचं शिखर थोडं खाली घसरेल. म्हणून व्होल्टेज ठरवून मोकळे होऊ नका. प्रत्येक पल्सचं शिखर मोजा आणि पुढच्या पल्सचं चार्जिंग त्यावरून ठरवा.